खातव्यवहार आणि मातीकामाची मापे : केळझरच्या उतारावरून एक विचार

१

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात केळझर हे गाव आहे. टेकडीवरील गणपतीचे देवस्थान आणि जुन्या किल्ल्याचे अवशेष यांमुळे ते विदर्भात सर्वपरिचित आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, आणि बकासुराचा वधही येथेच झाला, अशी लोकपरंपरा आहे. स्थलवर्णनकारांचे लक्ष सामान्यतः या दोन गोष्टींवरच खिळून राहते. परंतु देवळाकडून खालच्या शेतांकडे उतरू लागले की एक अगदी वेगळा प्रश्न समोर उभा राहतो. या उतरत्या जमिनीला पायऱ्यापायऱ्यांनी सपाट करावयाचे झाल्यास किती माती खणावी लागेल, आणि खणलेली माती मोजावयाची कोणी व कोणत्या रीतीने?

प्रश्न अभियंत्याचा आहे, त्यात भाषेच्या अभ्यासकाने का पडावे, असा आक्षेप येणे शक्य आहे. त्याचे उत्तर असे की, मातीकामात माप हे केवळ ज्ञानाचे साधन नसते. मोजलेल्या मातीवर मजुरी ठरते. एकाच खड्ड्याची मोजदाद दोन रीतींनी केली तर दोन निरनिराळे आकडे येतात, आणि त्या दोन आकड्यांमधील अंतर कोणाच्या तरी पदरी पडते. या निरनिराळ्या रीतींना आपल्या पूर्वसूरींनी नावे दिली आहेत, आणि नावे हा तर आमचाच विषय होय. प्रस्तुत निबंधात या नावांचा इतिहास, त्यांमागचे गणित आणि त्यांचा मजुरीशी असलेला संबंध यांचा थोडक्यात विचार करण्याचे योजिले आहे.

२

प्रथम पायरीशेतीच्या गणिताकडे वळू. उतारावर एक पट्टा सपाट करताना सर्वसाधारण रीत अशी की, पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागातील माती खणावयाची आणि तीच खालच्या अर्ध्या भागावर भरावयाची. पट्ट्याची कड उभी राखली असे मानल्यास खणलेल्या भागाचा छेद त्रिकोणी होतो. त्याचा पाया पट्ट्याच्या रुंदीच्या निम्मा, आणि उंची दोन पट्ट्यांमधील उतरंडीच्या निम्मी. त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढताना आणखी एक निम्मे येते. म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ रुंदी व उतरंड यांच्या गुणाकाराचा आठवा हिस्सा भरते.

आता एका एकरात, म्हणजे ४३,५६० चौरस फुटांत, असे किती लांबीचे पट्टे बसतील? रुंदीने भागावे, म्हणजे लांबी मिळते. ती लांबी छेदाने गुणताच रुंदी दोन्हीकडून निघून जाते, आणि उरते ते इतकेच : एकरी खोदाई ही उतरंडीच्या फुटांना ५,४४५ ने गुणल्याबरोबर घनफुटांत मिळते. उतरंड दोन फुटांची असल्यास १०,८९० घनफूट, म्हणजे सुमारे १०९ ब्रास. दशमान पद्धतीने सांगावयाचे तर हेक्टरी खोदाई उतरंडीच्या मीटरांना १,२५० ने गुणल्याइतकी घनमीटर होते.

यातून निघणारा निष्कर्ष प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. शंभर फुटांत पाच फूट उतार असलेल्या जमिनीवर दोन फुटांच्या उतरंडीसाठी पट्टा चाळीस फूट रुंद होतो, आणि शंभरात दहा फूट उतारावर तो वीस फूट होतो. तथापि एकरी माती दोन्ही ठिकाणी तितकीच हलवावी लागते. खर्च ठरतो तो उतरंडीवरून. खणण्याची कमाल खोलीही तीवरूनच ठरते, कारण ती उतरंडीच्या निम्मी असते. आणि येथे जमिनीची जात आडवी येते. नागपूर-वर्धा भागातील जमाबंदीत काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी मातीची प्रतवारी होती. काळी व मोरंड सखल भागात साचतात, खरडी व बरडी उतारावर आढळतात. बरडीवर मातीचा थर इतका पातळ असतो की एक फूट खणताच मुरूम उघडा पडावा. म्हणून टेकडीच्या पायथ्याशी पट्टा जितका रुंद काढण्याचा मोह धरावा तितकी सुपीक माती पुरली जाते आणि मुरूम वर येतो. हिशेब बरोबर, पण शेत बुडाले, असा प्रकार होतो. मध्य सह्याद्रीतील ताल, कोकणातील मजगी, पूर्व विदर्भातील बांधी यांचा आकार निरनिराळा असण्यास पीक व पाऊस यांबरोबर मातीच्या थराची ही मर्यादाही कारणीभूत आहे. वऱ्हाड-नागपूरकडे शेताच्या कडेला धुरा म्हणतात. त्या धुऱ्याची उंचीही याच हिशेबाच्या कक्षेत येते.

३

वरील गणित सर्वत्र समान छेदाचा पट्टा गृहीत धरते. प्रत्यक्ष टेकडी इतकी समजूतदार नसते. पट्टा एका टोकाला खोल व रुंद, तर दुसऱ्या टोकाला उथळ व अरुंद होत जातो, आणि कित्येकदा डोंगराच्या अंगात विरून शून्य होतो. अशा निमुळत्या खोदाईचे घनफळ कसे काढावे, हा प्रश्न भारतीय गणितात ‘खातव्यवहार’ या प्रकरणाखाली येतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, खात, चिती, क्रकच व राशी असे व्यवहार ओळीने येतात. खड्डा, विटांची रास, लाकडाची कापणी आणि धान्याचा ढीग यांचे हे हिशेब होत. ही मांडणीच पुरेशी बोलकी आहे. येथे गणिती डोळ्यांसमोर ठेवतो तो बाजार, बांधकाम आणि खळे. एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल अशा घनहस्ताचेच माप धान्याच्या बाबतीत मागध खारी ठरते, असेही भास्कराचार्यांनी परिभाषेत सांगून ठेवले आहे. माती आणि धान्य यांना एकच मूळ माप असावे, हे मजुरीचा मोबदला धान्यात देणाऱ्या समाजात स्वाभाविक म्हटले पाहिजे.

लीलावतीतील एक उदाहरण येथे उपयोगी पडते. एका वापीचे तोंड बारा हात लांब व दहा हात रुंद आहे, तळ त्याच्या निम्मा, म्हणजे सहा व पाच हात, आणि खोली सात हात. भास्कराचार्यांची रीत अशी : तोंडाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, आणि दोन्ही लांब्यांच्या बेरजेला दोन्ही रुंद्यांच्या बेरजेने गुणून येणारे १८ गुणिले १५, म्हणजे २७०. तिघांची बेरीज ४२०. तिला सहाने भागल्यास ७०, आणि खोलीने गुणल्यास ४९० घनहस्त. आजच्या सर्वेक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जे प्रिझ्मॉइडचे सूत्र म्हणून शिकविले जाते ते हेच होय. दोन्ही लांब्या व दोन्ही रुंद्या यांच्या बेरजांचा गुणाकार म्हणजे मधल्या छेदाची चौपट. एवढे ध्यानी घेतले म्हणजे दोन्ही सूत्रांतील भेद नाहीसा होतो.

असे घनफळ अचूक काढण्याची कला जगात अन्यत्रही फार जुनी आहे. मॉस्को येथील ईजिप्शियन पपायरसात छाटलेल्या पिरॅमिडचे घनफळ बरोबर काढलेले आहे, आणि तो लेख ख्रिस्तपूर्व अठराशेच्या सुमाराचा मानला जातो. यास्तव भारतीय परंपरेचे महत्त्व केवळ सूत्राच्या प्राचीनतेत शोधणे युक्त होणार नाही. ते आहे दुसऱ्या एका गोष्टीत, आणि ती भास्कराचार्यांच्या पूर्वीच्या ग्रंथांत अधिक स्पष्ट दिसते.

४

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त अचूक उत्तराकडे जाण्याची वाट वेगळी आहे. तो आधी दोन स्थूल उत्तरे काढावयास सांगतो. पहिल्यात तोंड व तळ यांच्या लांब्यारुंद्यांची सरासरी घेऊन त्या सरासरी बाजूंवरून घनफळ काढावयाचे. याला तो ‘व्यावहारिक’ म्हणतो. दुसऱ्यात दोन्ही क्षेत्रफळांची सरासरी घेऊन तिला खोलीने गुणावयाचे. याचे नाव ‘औत्र’. मग दुसऱ्यातून पहिले वजा करून, बाकीला तीनाने भागून, तो भागाकार पहिल्यात मिळविला की ‘सूक्ष्म’ उत्तर हाती येते.

लीलावतीतील वापीवरच ही रीत चालवून पाहू. सरासरी बाजू नऊ व साडेसात, म्हणून व्यावहारिक घनफळ ४७२॥. क्षेत्रफळांची सरासरी ७५, म्हणून औत्र ५२५. अंतर ५२॥, त्याचा तिसरा हिस्सा १७॥. तो ४७२॥ मध्ये मिळविला की ४९०. पाच शतकांच्या अंतराने दोन भिन्न वाटांनी गेलेले दोन आचार्य एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

या उदाहरणात एक नियम दडलेला आहे. व्यावहारिक रीत नेहमी कमी दाखविते, औत्र रीत नेहमी अधिक, आणि अधिकाची चूक उण्याच्या चुकीच्या बरोबर दुप्पट असते : येथे १७॥ उणे आणि ३५ अधिक. म्हणूनच अंतराचा तिसरा हिस्सा घेतला की नेम अचूक बसतो. आता हेच हात व अंगुळे यांऐवजी मजुरीच्या भाषेत वाचावे. व्यावहारिक रीतीने मोजले तर खणणाऱ्याचे नुकसान होते, औत्र रीतीने मोजले तर पैसे देणाऱ्याचे. रोजच्या व्यवहारातील रीत म्हणून ब्रह्मगुप्ताने जिचे नाव नोंदविले ती खणणाऱ्याला कमी देणारी आहे, ही गोष्ट दृष्टीआड करण्यासारखी नाही.

राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यातही हीच तीन उत्तरे आहेत, परंतु नावे बदलली आहेत. पहिल्याला महावीराचार्य ‘कर्मान्तिक’ म्हणतात, दुसऱ्याला ‘औण्ड्र’. कर्मान्त म्हणजे कामाची जागा, कारखाना. म्हणजे उणे माप दाखविणाऱ्या रीतीला एका ग्रंथात व्यवहारावरून व दुसऱ्यात कामाच्या जागेवरून नाव मिळाले आहे. दोन स्वतंत्र नावांनी एकाच दिशेला बोट दाखवावे, हा पुरावा किरकोळ नव्हे. प्राचीन कामावर जी रीत प्रत्यक्ष चालत असे ती सोपी होती आणि ती मालकाच्या बाजूला झुकलेली होती, असे म्हणावयास येथे आधार मिळतो. आचार्यांनी तिला खोटी म्हटले नाही. त्यांनी तिच्याशेजारी सूक्ष्म उत्तर ठेवले आणि अंतर मोजून दाखविले.

‘औण्ड्र’ या शब्दाविषयी एक इशारा देणे आवश्यक वाटते. मातीकाम व दगडकाम हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्या वडार समाजाचे नाव ओड्र देशाशी जोडण्याची परंपरा आहे, आणि दक्षिणेत ओड्ड, वड्ड अशी रूपे आढळतात. मग औण्ड्र म्हणजे ओड्रांची, अर्थात वडारांची रीत, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. ते खरे ठरले तर किती सुंदर झाले असते! मालकाची रीत व्यावहारिक, खणणाऱ्यांची रीत औण्ड्र, आणि दोघांमधला न्याय सूक्ष्म. परंतु ओड्र शब्दाची वृद्धी होऊन औड्र हे रूप मिळते, त्यात अनुनासिकाला जागा नाही. शिवाय ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातील रूप औत्र, त्यातील त्‌-काराचा मूर्धन्य ड्‌-काराशी मेळ बसत नाही. ध्वनिसाम्य आणि मनाजोगा अर्थ या दोन गोष्टींवर व्युत्पत्ती उभी राहत नाही, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. ते आमच्या आवडत्या कल्पनेलाही लागू केले पाहिजे.

५

मातीकामाच्या मराठी शब्दसंग्रहाकडे पाहिल्यास मात्र भक्कम जमीन लागते. विहिरीची खोली सांगताना अमुक परस असे म्हणतात. हा परस म्हणजे पुरुष. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौऱ्याऐंशी अंगुळांचा व्याम हे दोराचे आणि खोदकामातील पुरुषाचे माप म्हणून दिले आहे. चोवीस अंगुळांचा हात धरल्यास ते साडेतीन हात होते. खणणारा माणूस स्वतः खड्ड्यात उभा राहून स्वतःच्या देहाने खोली सांगतो, असे हे माप आहे. खणणे व खाण हे शब्द खन् धातूच्या घरातले. खंदक मात्र त्या घरातला वाटला तरी नाही, तो अरबीतून आला आहे. कुदळ ही संस्कृत कुद्दालाची वारस. बेलदार या नावातील बेल म्हणजे फारसी फावडे. माती वाहण्याचे घमेले पोर्तुगीज गामेलापासून आलेले. कुदळीने खणून घमेल्यात भरणारा बेलदार एका फेरीत तीन भाषांचा भार वाहत असतो. राज्ये बदलली तशी हत्यारांची नावे बदलली. खोलीचे माप मात्र माणसाच्या देहाशीच राहिले.

माप कोणाचे, या प्रश्नाला मराठीच्या आरंभकाळातील एक लेख साक्षी आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठासंबंधी आहे. त्याचा शेवटचा भाग मराठीत असून त्यात मठाला द्यावयाच्या उत्पन्नाच्या बाबी येतात, आणि मोजावयाचे ते मठाच्या मापाने मोजावे असे बजावले आहे. ज्या घराण्यातील पुरुषाने खाताचे सूक्ष्म घनफळ सांगितले, त्याच्याच नावाच्या मठाला माप आपले असावे अशी तरतूद करून घ्यावी लागली. गणित सर्वांचे असते. मापाला मालक असतो.

६

इंग्रजी अमलात सार्वजनिक बांधकाम खाते १८५४ मध्ये निघाले, त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले, आणि मातीकामाची मापे फूट, घनफूट व ब्रास यांत बसविली गेली. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, आजच्या मानाने सुमारे २.८३ घनमीटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व एक फूट खोल चौकडी खणली की एक ब्रास होतो. हे माप मजुराला डोळ्यांनी दिसते व पावलांनी मोजता येते, म्हणूनच १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आल्यावरही मुरूम आणि रेतीच्या व्यवहारातून ब्रास गेला नाही. चौकडीच्या मध्यभागी न खणलेला मातीचा खुंट राखण्याची पद्धतही याच कारणासाठी. जमीन मूळची किती उंच होती याची साक्ष माप घेणारा येईपर्यंत उभी राहावी लागते.

दुष्काळी कामांनी हे माप घरोघर पोहोचविले. १८७७ मध्ये मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवर मजुरी घटविण्यात आली तेव्हा मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पुन्हा लक्षावधी लोक चौकड्यांवर उतरले. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम मिळण्याचा हक्क त्याने दिला, परंतु मजुरी ठरत असे ती मुख्यतः केलेल्या कामाच्या मापावर. हक्क कायद्यात होता, त्याचा आकडा मापवहीत.

आता केळझरच्या उतारावर परत येऊ. समजा, शंभर फूट लांबीच्या पट्ट्यात खोदाईचा त्रिकोणी छेद एका टोकाला १२ फूट पाया व ४ फूट उंची, तर दुसऱ्या टोकाला ६ फूट पाया व २ फूट उंची असा आहे. सरासरी बाजूंच्या रीतीने १३॥ ब्रास भरतात, क्षेत्रफळांच्या सरासरीने १५, आणि खरी माती आहे १४ ब्रास. अंतर अर्ध्या ब्रासाचे, म्हणून कोणी ते क्षुल्लक मानील. परंतु दुसरे टोक डोंगराच्या अंगात शून्य होत असेल तर? तेव्हा पहिल्या रीतीने ६ ब्रास, दुसरीने १२, आणि खरी माती ८ ब्रास. म्हणजे एकीकडे खणणाऱ्याचा चौथा हिस्सा बुडतो, दुसरीकडे पैसे देणारा दीडपट देतो. सपाटीवरच्या चौकोनी खड्ड्यात तिन्ही रीतींचे उत्तर एकच येते, आणि तेथे भांडणाला कारण राहत नाही. भांडण उपजते ते उतारावर, जेथे पट्टा निमुळता होत जातो. नेमकी तीच जमीन सर्वांत पातळ मातीची व सर्वांत गरीब शेतकऱ्याची असते.

सर्वेक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत या तीन रीती आजही शिकवितात : मध्यछेदाची रीत, छेदांच्या सरासरीची रीत आणि प्रिझ्मॉइडची रीत. व्यावहारिक, औत्र व सूक्ष्म यांचीच ही नवी नावे. मात्र नव्या नावांतून एक गोष्ट गळून गेली. जुन्या नावांवरून कोणती रीत कामाच्या जागेची व कोणती काटेकोर हे ऐकणाऱ्याला कळत असे. नव्या नावांत तिन्ही रीती सारख्याच तटस्थ वाटतात.

७

या विवेचनावरून तीन गोष्टी मांडता येतात. एक, खातव्यवहार हे प्रकरण केवळ गणिताच्या इतिहासात ठेवून चालणार नाही, श्रमाच्या इतिहासातही त्याला जागा आहे. दोन, परिभाषा बदलताना ज्ञान तसेच राहिले तरी त्यातील न्यायाची जाणीव पुसली जाऊ शकते. तीन, चौकडी, परस, धुरा, खरडी, बरडी यांसारखे शब्द हे ग्रामीण बोलीचे अलंकार नव्हेत. ती मोजणीची साधने आहेत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील मातीकामाचे शब्द गोळा करताना शब्दाबरोबर त्याचे माप, ते घेण्याची रीत आणि ते घेणारा कोण याचीही नोंद करावी, अशी विनंती आहे. वर्धा जिल्ह्यात बोर नदीवरील मातीच्या धरणापासून गावोगावच्या धुऱ्यांपर्यंत हे काम केलेल्या पिढ्यांतील वृद्ध आता थोडे उरले आहेत. खड्ड्यातला मातीचा खुंट माप घेणारा येईपर्यंतच उभा ठेवावयाचा असतो. त्या पिढ्यांच्या शब्दांना तेवढी वाट पाहावयास लावणे योग्य होणार नाही.